रबर आतून म्हातारं होतंय

मारोतीमामा कुठल्याही मोटारीत बसण्याआधी तिचा वास घेत. बॉनेट उघडायचं, दोन्ही हात कडांवर टेकवायचे, मान आत घालायची आणि डोळे मिटून लांब श्वास ओढायचा. मग डाव्या हाताची दोन बोटं पेट्रोलच्या नळीवरून हळूहळू फिरवायची, नाडी बघावी तशी. त्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. मी नर्स, भाजल्याचा व्रण एका नजरेत ओळखला. पण तो कशाचा, हे कळायला मला चार वर्षं लागली.

दुष्काळ संपून दुसरं वर्ष होतं. औरंगाबादेत शिक्षण संपवून मी बोरीच्या सरकारी दवाखान्यात रुजू व्हायला निघाले होते. ट्रंक आणि वळकटी घेऊन परभणी स्टेशनबाहेर आले, तर दवाखान्याची जुनी जीप उभी होती आणि तिच्या तोंडात एक उंच, खाकी कपड्यातला माणूस कमरेपर्यंत शिरलेला होता.

"शिस्टर, सामान ठिवा. पन बसू नका," आतूनच आवाज आला.

"बिघडली का गाडी?"

"न्हाई. बिगडू न्हाई म्हनून बघायलोय."

मला उन्हात दहा मिनिटं उभं करून त्यांनी बॉनेट बंद केलं. बोरीची दोन माणसंही जीपमध्ये यायची होती. मामांनी आम्हाला बोट दाखवून मोजलं. बोरीला पोचल्यावर पुन्हा मोठ्यानं मोजलं, "तिघं चढले, तिघं उतरले." आणि मग वाकून मागच्या सीटखाली हात फिरवला. काही हरवलंय का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "न्हाई. सवय हाय."

पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, किंचित पोक आलेले. बोलणं थोडं, पण जे बोलायचे ते घडी घालून ठेवल्यासारखं. त्यांच्या सगळ्या वस्तीनं छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला होता. घरात बुद्धाची छोटी पितळी मूर्ती, आणि नाव मात्र मारोती. त्यावरून कंपाउंडर त्यांची थट्टा करायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "देव बदलाया लायसन बदलावं लागत न्हाई. नाव बदलाया लागतंय."

पहिल्याच महिन्यात आमचं भांडण झालं. औषधांच्या फडताळात मला तीन बाटल्या सापडल्या. काचेच्या बुचाच्या, आमच्याच औषधांच्या रिकाम्या झालेल्या. आत पिवळसर पातळ काहीतरी आणि त्यात बुडवलेले काळे तुकडे. बूच काढलं तर पेट्रोलचा भपकारा. मी ओरडत व्हरांड्यात आले. इथे स्टोव्हवर सुया उकळतात, आणि हा माणूस पेट्रोल ठेवतो!

मामा धावत आले. बाटल्या उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. "चुकलं. पत्र्याच्या शेडात ठिवतो. तिथं ऊन लय, म्हनून हितं ठिवल्या होत्या. पन शिस्टर, आठच दिस. आठ दिसांनी तुमाला दावतो."

आठ दिवसांनी त्यांनी खरोखर मला शेडमध्ये बोलावलं. फडक्यावर तिन्ही तुकडे मांडले होते. पहिला होता साध्या पाण्याच्या नळीचा. तो मोड आलेल्या मटकीसारखा टरारून फुगला होता. नखानं दाबला तर काळी साय हाताला लागली. दुसरा पारदर्शक प्लास्टिकचा. तो पिवळा पडून कडक झाला होता, वाकवला की चिरा दिसत. तिसरा जसा होता तसाच.

"ही खरी पेट्रोलची नळी. बघा, कापल्या तोंडाशी काय दिसतंय?"

मी बघितलं. आत रबर, बाहेर रबर, आणि मधे सुताची वीण.

"ती वीण हाय म्हनून नळी फुगत न्हाई, फाटत न्हाई. पाण्याची नळी पाण्याला, पेट्रोलची पेट्रोलला. सोयरीक चुकली की घर जळतंय." मग थोडं हसून म्हणाले, "तुमी रगत तपासता, आमी रबर तपासतो."

त्या दिवसानंतर रिकाम्या बाटल्या मीच त्यांच्यासाठी धुऊन ठेवू लागले.

एकदा लस आणायला परभणीला गेलो तेव्हा मामांबरोबर मोटारीच्या सामानाच्या दुकानात जायचा योग आला. उन्हाळ्याच्या तोंडावर ते नळी बदलत, चांगली असली तरी बदलत. "रबर बाहिरून म्हातारं होत न्हाई, आतून होतंय. वरून जवान दिसतंय आन् आत समदं चिरलेलं असतंय. मानसावानी." दुकानदार चाचा त्यांना ओळखून होता. त्यानं नळीची वेटोळी समोर टाकली. मामांनी एक उचललं, तोंडाशी डोळा नेऊन वीण बघितली, चिमटीत दुमडून उन्हाकडे धरलं, नखानं खरवडलं, परत ठेवलं. दुसरं उचललं. खिशातून पितळी नळकांड्याचा तुकडा काढला, जीपच्या पंपाच्या तोंडाएवढा, आणि त्यावर नळी चढवून बघितली. पहिली सहज सरकली. ती बाजूला. दुसरी जरा जोर लावल्यावर बसली. ती ठेवली.

चाचानं कपाळाला हात लावला. "ड्रायव्हर साब, पाइप लेने आए कि लडकी देखने?"

"लडकी पसंत नै पडी तो मइके जाती, चाचा. पाइप किधर जाती?"

दुकानात दोघं-तिघं हसले. मामा हसले नाहीत. आता क्लिपांची पाळी होती. क्लिप म्हणजे नळीचं तोंड आवळून धरणारी लोखंडी पट्टी, स्क्रूनं घट्ट होणारी. मामांनी प्रत्येक पट्टीची कड अंगठ्यानं चाचपली. धारदार असेल ती नको. ती रबरात रुतते. कड आत वळवलेली, गुळगुळीत असेल तीच घ्यायची. "आन् आवळायची किती? तर रबरानं जरासा ओठ काढला की थांबायचं. जास्ती आवळली की तीच नळी कापती. इंजन गरम झाल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारन रबर बसतंय."

"आणि क्लिप नसेल तर?" मी सहज विचारलं. "तारेनं बांधली तर?"

ते माझ्याकडे वळले. इतका वेळ जो माणूस रंगून बोलत होता, त्याच्या चेहऱ्यावरून सगळं एकदम पुसलं गेलं.

"पट्टी गळा धरती, शिस्टर. तार गळा कापती," एवढंच म्हणून ते दुकानाच्या पायऱ्या उतरले.

मामांच्या मनात काहीतरी वस्तीला आहे, हे तोवर मला कळून चुकलं होतं. पाथरी तालुक्यात लसीकरणाला जावं लागे. आम्ही बोरीहून सेलूला यायचो आणि तिथून पाथरीच्या रस्त्याला लागायचो. त्या रस्त्यावर एका जागी, दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं आणि कडेला एक बाभूळ, तिथं मामा दर वेळी जीप थांबवत. काही झालेलं नसे. खाली उतरत, बॉनेट उघडत, पण आत बघत नसत. रस्त्याकडे पाठ करून बाभळीपाशी उभे राहत. एकदा वाऱ्यावर मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते कुणाशी तरी बोलत होते, समजूत घालावी तसं, हलक्या सुरात. परत आल्यावर म्हणाले, "गरम झाली व्हती." इंजिन गार होतं. मी हात लावून बघितलं होतं.

त्या बाभळीची रस्त्याकडची बाजू वठलेली होती. शेताकडच्या फांद्यांना पाला होता, पिवळी फुलंही होती. त्या बाजूला मात्र काही नाही.

आता तो दिवस सांगते.

दसऱ्याला मामा दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीला जात. माझ्या बोरीतल्या चौथ्या वर्षीही गेले. चार दिवस बदली ड्रायव्हर आला होता. पाचव्या दिवशी सकाळी मामा एस.टी.नं परतले, आणि ते हातपाय धुतात न धुतात तोच दवाखान्याच्या दारात बैलगाडी आली. गाडीत सुंदर होती. वीस-बावीस वर्षांची, दुसरी खेप. बरोबर नवरा आणि सासू. नवऱ्याची ऊसतोडीला जायची बांधाबांध झाली होती. बायकोचं बाळंतपण उरकलं की निघायचं म्हणून तो थांबला होता. मी तपासलं. बाळ आडवं होतं. डॉक्टर मीटिंगला जिल्ह्याला गेलेले. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. सुंदरला परभणीला नेणं, एवढंच.

"मामा, गाडी काढा!"

मामांनी बॉनेट उघडलं, आणि तसेच थांबले.

मी जवळ गेले. बदली ड्रायव्हरनं कुठंतरी दगडावर गाडी आदळली असावी. मामांची नळी जाऊन तिथे पारदर्शक प्लास्टिकची नळी लावलेली होती, दोन्ही तोंडं तारेनं पिळलेली. मधला भाग सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकला होता. एका तारेखाली ओल दिसत होती. मामांनी सीटखालचा डबा उघडला. त्यात ते एक जादा नळी आणि दोन क्लिपा ठेवत. डब्यात काही नव्हतं. बदली ड्रायव्हरनं तेही कुठंतरी घालवलं होतं.

"न्हाई निघत गाडी," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ह्या नळीवर न्हाई निघत."

"मामा, बाळ आडवं आहे. तासाभराचा तर रस्ता. एकदा चालवा, परभणीत गेल्यावर बदला."

"एकदाच असतंय, शिस्टर."

मी हात जोडले. सुंदरची सासू त्यांच्या पाया पडली. नवरा तर अंगावरच धावून गेला. मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ते हलले नाहीत. म्हणाले, "देशमुखाच्या शेतावर ट्रॅक्टर हाय. त्याची नळी आन् क्लिपा आनतो. आलोच." आणि कंपाउंडरची सायकल घेऊन निघाले.

त्या दीड तासाचं मी काय सांगू? सुंदरला जीपमध्येच झोपवलं होतं. सासू वारा घालत होती. दुसरं वाहन मिळतंय का म्हणून मी नवऱ्याला रस्त्यावर पाठवलं. एक मालट्रक आला, तो थांबला नाही. एस.टी. चार वाजता. सुंदर पहिल्यांदा ओरडत होती, मग कण्हू लागली, मग तेही कमी झालं. मी दर पाच मिनिटांनी तिच्या पोटाला कान लावत होते. ठोके ऐकू येत होते, तोवर येत होते.

मामा आले ते घामानं निथळत. ज्वारीची पेरणी चालू होती. चालत्या ट्रॅक्टरची नळी देशमुख सुखासुखी काढू देतो थोडाच! कसं मिळवलं ते त्यांनी सांगितलं नाही. "डिझेलची हाय, पन रबर त्याच जातीचं," एवढंच पुटपुटत ते बॉनेटमध्ये शिरले. तार कापली, नळी बसवली, क्लिप आवळली. इंजिन सुरू केलं. आणि पुन्हा उतरून बघू लागले.

"मामा!" मी किंचाळले.

"एक मिनिट, शिस्टर. एकच मिनिट."

मग मात्र त्यांनी जीप अशी हाणली, की त्यांना तसं चालवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. वाटेतलं झरी गाव कधी मागे पडलं ते कळलं नाही. पण तोपर्यंत मला ठोके ऐकू येत नव्हते. जीपच्या आवाजानं येत नसतील, असं मी स्वतःला सांगत होते.

सुंदर वाचली. मुलगा होता, तो मेलेलाच जन्मला. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तासभर आधी आलो असतो तर?" त्या थकलेल्या होत्या. हात धुता धुता म्हणाल्या, "कदाचित. कदाचित नाही. ते कुणीच सांगू शकत नाही."

मला 'कदाचित' तेवढं ऐकू आलं. मी बाहेर आले. मामा जीपला टेकून उभे होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या नळीनं लेकरू खाल्लं, मामा. आता घ्या वास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "व्हय." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मला कळलं नाही. परत येताना त्यांनी माणसं मोजली नाहीत.

दोन दिवसांनी शेडमागे मला ती प्लास्टिकची नळी पडलेली दिसली. उचलून वाकवली. तारेनं जिथे चावलं होतं तिथेच काडीसारखी मोडली. ती परभणीपर्यंत टिकली असती का? टिकलीही असती. मी ती फेकून दिली, मग पुन्हा शोधून आणली, मग पुन्हा फेकली.

आम्ही आठ-दहा दिवस कामापुरतं बोललो. मग पाथरीकडचं लसीकरण निघालं. जीपमध्ये आम्ही दोघंच. बाभळीपाशी जीप थांबली. मामा उतरायच्या आत मी चिडून म्हणाले, "आज तरी चला सरळ. काही गरम झालेलं नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून, समोर बघत ते बोलू लागले.

"सेलूच्या एका कापूसवाल्याची जुनी मोटार व्हती. निजामाच्या टायमातली. मी सेलू-पाथरी खेपा मारायचो. एक दिस नळी फुटली. मालक म्हनला, परभनीहून येईल तवर बागंतल्या पाण्याच्या नळीचा तुकडा लाव. लावला. क्लिप न्हवती, तारीनं आवळला. म्याच. मला कळत न्हवतं असं न्हाई, शिस्टर. कळत व्हतं. एका खेपंला काय होतंय, म्हनलो."

बाहेर पऱ्हाटीत बायका कापूस वेचत होत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हितं यायच्या आदीच वास आला. म्हनलो, पाथरीला जाऊन बघू. मग धूर आला. गाडी थांबवली, वरडलो, उतरा! चौघं उतरले. मी मोजले. चारच भाडी घेतली व्हती, चारच मानसं. ती बाई वरडायली. मला वाटलं, गाठुडं राह्यलं म्हनून वरडायली. ती गाडीकडं पळायली, मी तिला धरून ठिवलं. ह्या हातानं. गाठुड्यापायी कशाला मरतीस, म्हनलो."

त्यांनी बाभळीकडे बघितलं.

"तिची पोर व्हती. चार वर्साची. पायापाशी, सीटखाली गोधडीवर निजली व्हती. लेकराचं भाडं आमी घेत न्हवतो, म्हनून ती माझ्या मोजन्यात न्हवती. मी धरून ठिवलं बाईला. ती हिसके द्यायली, आन् मी जोरात धराया लागलो. तिनं मग पोरीचं नाव घेतलं. मुक्ता. तवा मला कळलं. मी हात घातला आत. पन…"

डावा हात त्यांनी स्टिअरिंगवरून उचलला आणि पुन्हा ठेवला.

"हितं आलो की ती इच्यारती, मामा, मला का न्हाई मोजलं? मी उतरून सांगतो तिला. काई तरी सांगतो."

मी 'लेकरू खाल्लं' म्हणाले होते. ते शब्द जीपमध्ये आमच्या मधे बसले होते. मागे घ्यावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण त्यांनी इंजिन सुरू केलं होतं.

त्यानंतर आणखी दोन वर्षं आम्ही एकत्र काम केलं. सुंदर पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा सातव्या महिन्यापासून दर आठवड्याला मामा जीप तिच्या वाडीवरून नेत, वाट वाकडी असली तरी. मुलगी झाली, घरीच, सुखरूप. सुंदरची सासू गूळ घेऊन आली आणि तिनं पहिला खडा मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो बराच वेळ खाल्ला नाही, मुठीत धरून उभे राहिले. तेव्हाही माफी मागायचं राहूनच गेलं. रोज भेटणाऱ्या माणसाची माफी मागणं अवघड असतं. आज नाही तर उद्या, असं होत जातं.

मग माझी पाथरीला बदली झाली. सामान पोचवायला मामाच आले. ट्रंक उतरवली, वळकटी उतरवली. आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"मामा, परभणीला त्या दिवशी मी जे बोलले…"

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. रस्त्यापलीकडच्या एका गल्लीकडे बोट दाखवलं. "त्या गल्लीत, लिंबाच्या झाडापाशी गयाबाईचं घर हाय. मुक्ताची माय. कोर्टात केस चालली तवा साहेबानं तिला इच्यारलं, तुला काय सांगायचंय? तिनं मला बघितलं आन् तशीच गेली. दर साली मी तिच्या दारात जाऊन उभा राहतो. शिव्या देईल, धोंडा मारील म्हनून उभा राहतो. ती बघती, आन् आत जाती. आज बारा वर्सं झाली, एक शबूद न्हाई."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमी बोलला, ते बरं केलं, शिस्टर. कुनीतरी बोलाया पायजे व्हतं."

ते गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

पाथरीत मी घरोघर फिरले, पण त्या गल्लीत दुसऱ्या सिस्टरला पाठवत राहिले. दीड-पावणेदोन वर्षांनी बोरीच्या कंपाउंडरचं कार्ड आलं. मारोतीमामा गेले होते. सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं. कार्ड दोन दिवस माझ्या पर्समध्ये होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गल्लीत गेले.

गयाबाई दारात सुपात तूर निवडत बसली होती. माझ्या अंदाजापेक्षा वयानं कमी. केस मात्र सगळे पांढरे. मी कोण, कुठली, हे तिनं विचारलं नाही.

"तो ड्रायव्हर गेला," मी म्हणाले. कोण, ते सांगावं लागलं नाही.

सुपातला हात थांबला.

"कवा?"

"आठ दिवस झाले."

"जळून?"

"नाही. छातीत दुखून. बसल्या जागी."

तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. तिसरा सापडत नव्हता, तरी ती बोटं फिरवत राहिली.

"दर साली यायचा," ती म्हणाली. "दारात उभा राहायचा. मी वरीसभर शबूद जुळवायची, बाई. दळताना, खुरपताना. म्हनायची, औंदा तोंडावर बोलते. तो आला की त्याचा हात दिसायचा, आन् समदं गळून जायचं. आत जाऊन बसायची. तो गेला की पुन्हा जुळवाया लागायची." तिनं सूप खाली ठेवलं. "औंदा नीट जुळवलं व्हतं. आता कुनाला बोलू?"

मी दाराबाहेर उभी होते. ते उभे राहत असतील, तिथेच कुठेतरी.

"मला बोला," मी म्हणाले.

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं, उठून आत जाईल. पण ती बोलली. सुरुवातीला अडखळत, मग मोठ्यानं, मग इतक्या हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. शेजारच्या बायका दारात आल्या आणि काही न विचारता परत आत गेल्या. दिवेलागण झाली तरी ती बोलत होती.

ती काय बोलली, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांच्यासाठी होतं. तिनं मला बसा म्हटलं नाही, आणि मीही बसले नाही.